जुन्या अमेरिकन युद्धनौकांची मॉडेल्स : खऱ्या तोफा शोधायच्या कशा?

दर्यासारंग :

नमस्कार मंडळी. 'कॉन्स्टिट्यूशन'च्या मॉडेलचे फोटो टाकल्यापासून व्यनिंमध्ये एकच विचारणा होते आहे: तोफा कुठल्या, मापं कुठून काढली, किटमधल्या का नाही वापरल्या. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकाच धाग्यात मांडतो. ज्यांना यातलं जास्त कळतं त्यांनी भर घालावी.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की तोफा जहाजाच्या नावावरून ठरत नाहीत, तारखेवरून ठरतात. मॉडेल कोणत्या वर्षाचं, जमलं तर कोणत्या महिन्याचं, हे पक्कं होईपर्यंत तोफांच्या मागे लागू नये.

'कॉन्स्टिट्यूशन'चंच बघा. १७९४ च्या कायद्याने अमेरिकेने सहा फ्रिगेटी (मध्यम आकाराच्या, वेगवान युद्धनौका) बांधायला घेतल्या, त्यातली ही एक. जोशुआ हम्फ्रीजचा आराखडा, बोस्टनमध्ये बांधणी, ऑक्टोबर १७९७ मध्ये पाण्यात उतरली. कागदोपत्री ही ४४ तोफांची. पण हा ४४ म्हणजे जहाजाचा दर्जा आहे, प्रत्यक्षातल्या तोफांची संख्या नाही. १७९८ मध्ये ती पहिल्यांदा समुद्रावर निघाली तेव्हा मुख्य तोफ-डेकवर २४ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) ३० लांब तोफा होत्या. वरच्या डेकसाठी १८ पौंडी १६ तोफा बोस्टन बंदरातल्या कॅसल आयलंडच्या किल्ल्यातून उसन्या आणल्या होत्या आणि शिवाय १२ पौंडी १४ होत्या. म्हणजे साठ!

आता ऑगस्ट १८१२ ला या. आयझॅक हल कप्तान आहे आणि इंग्रज फ्रिगेट 'गेरिएर'शी गाठ पडते आहे. खालच्या डेकवर २४ पौंडी ३० तशाच आहेत. वर मात्र सगळा साज बदललेला आहे. ३२ पौंडी २४ कॅरोनेड (आखूड, हलक्या तोफा) आणि नाळेशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, १८ पौंडी एक लांब तोफ, एकूण ५५. फेब्रुवारी १८१५ मध्ये चार्ल्स स्टुअर्टने 'सायेन' आणि 'लेव्हांट' या इंग्रज युद्धनौका पकडल्या तोवर वरच्या डेकवर पुन्हा फेरफार झाले होते. जहाज एकच, पण एका वर्षाच्या तोफा दुसऱ्या वर्षाच्या मॉडेलवर चालत नाहीत.

किटमध्ये बहुतेक वेळा एकाच साच्यातल्या पितळी नळ्या येतात. खालच्या डेकला, वरच्या डेकला, इंग्लिश जहाजाला, फ्रेंच जहाजाला, सगळ्यांना त्याच. त्या पारखताना मी तीन गोष्टी बघतो.

एक, लांबी. त्या काळच्या इंग्रजी पद्धतीत तोफेची लांबी मागच्या मोठ्या कड्यापासून तोंडापर्यंत मोजतात, मागच्या टोकाचा गोल गोंडा त्यात धरत नाहीत. साडेनऊ फुटी २४ पौंडी तोफ १:९६ प्रमाणात जवळपास ३० मिलिमीटर येते, १:७६.८ मध्ये ३८ ला थोडी कमी, १:६४ मध्ये ४५ आणि १:४८ मध्ये ६०. गोंड्यासकट मोजलंत तर सगळी तोफ तोकडी पडते.

दोन, ट्रनियन, म्हणजे तोफ गाड्यावर टेकते ते दोन बाजूंचे आडवे खुंट. जुन्या तोफांत ते नळीच्या मध्यरेषेवर नसतात, खाली असतात. बाजूने पाहिलं तर नळी खुंटांच्या वर चढून बसल्यासारखी दिसते. बाजारातल्या कित्येक नळ्यांत आरपार मध्यावर भोक पाडून सळई घातलेली असते, ती लगेच डोळ्यांना खटकते. हे खुंट मागच्या कड्यापासून लांबीच्या साधारण तीन-सप्तमांशावर असत आणि त्यांची जाडी नळीच्या आतल्या व्यासाएवढी असे. एवढे दोन ठोकताळे लक्षात ठेवलेत तरी नळी निम्मी तपासून होते.

तीन, नळीवरची राजमुद्रा. १८१२ च्या अमेरिकन फ्रिगेटीवर मुकुटाखाली जॉर्ज राजाची अक्षरं असलेल्या तोफा मी कितीतरी मॉडेल्सवर पाहिल्या आहेत. अमेरिकन सरकारने अमेरिकन भट्टीत ओतून घेतलेल्या तोफेवर इंग्लंडच्या राजाची मुद्रा कशी असेल? या फ्रिगेटींसाठीची कामं ऱ्होड आयलंडमधल्या होप फर्नेसला आणि मेरीलंडमधल्या सेसिल फर्नेसला दिली होती. कॅरोनेड पुढे जॉर्जटाउनमधल्या हेन्री फॉक्सॉलच्या कोलंबियन फाउंड्रीने ओतल्या. अशा तोफेवरची मुद्रा पॉलिश पेपरने घासून साफ करावी.

अमेरिकन क्रांतियुद्धाच्या, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातलं जहाज असेल तर मामला वेगळा आहे, त्यावर पुढे लिहितो. आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

नवशिका_सुतार :

साहेब, वाचनखूण साठवली. माझ्याकडे १:९६ चं प्लॅस्टिकचं किट आहे, १८१२ चंच करायचं आहे. वरच्या डेकवरच्या कॅरोनेड आणि खालच्या तोफा यांत नेमका फरक काय दाखवू? एवढ्या लहान मापात दिसेल का?

दर्यासारंग :

दिसेल, आणि छान दिसेल. दोन नळ्या शेजारी ठेवून बघा. २४ पौंडी लांब तोफ ३० मिलिमीटरची, ३२ पौंडी कॅरोनेड जेमतेम १३ मिलिमीटरची. म्हणजे निम्म्याहूनही कमी लांबी, पण तोंड मात्र कॅरोनेडचंच मोठं. लांब २४ पौंडीचा आतला व्यास ५.८२ इंच, ३२ पौंडी कॅरोनेडचा ६.२५ इंच. तुमच्या मापात दीड मिलिमीटर आणि १.६५ मिलिमीटर. सुई-ड्रिलने तोंडं कोरून काढलीत की हा फरक उघड दिसतो. वजनातही असाच फरक आहे. लांब २४ पौंडी अडीच टनांच्या आसपास, कॅरोनेड टनाच्याही आत. म्हणूनच ती वरच्या डेकवर एवढ्या संख्येने बसवता आली.

कॅरोनेडला सहसा बाजूचे खुंट नसतात. नळीच्या पोटाखाली एक कान ओतलेला असतो, त्यातून आडवी पिन जाते आणि नळी लाकडी सरकपाटावर बसते. मागच्या गोंड्यातून उभा स्क्रू जातो, तो फिरवून नेम वरखाली करायचा. चार चाकांच्या गाड्यावर कॅरोनेड बसवलेली मॉडेल्स दिसतात, ती बघून तसंच करू नका.

लांब तोफेच्या गाड्याचं एक सांगतो. पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा थोडी मोठी हवीत, कारण डेक मध्याकडून कडांकडे उतरता असतो. चारही चाकं सारखी लावली तर तोफ नाक खाली घालून उभी राहते.

ओतारी_कोल्हापूर :

दर्यासारंग, धागा उत्तम. मी जहाजांतला नाही, ओतकामातला. शिरोलीला आमचं बिडाचं काम चालतं, म्हणून तोफेकडे ओतीव वस्तू म्हणून बघतो. नळीचा आकार तसा का, हे कळलं की मॉडेलची नळीही बरोबर वळते, म्हणून लिहितो.

बीड दाबाला मजबूत, पण ओढीला कच्चं. तोफ उडते तेव्हा सगळा ताण नळी फाडायचा असतो आणि तो मागच्या भागात सर्वांत जास्त. म्हणून मागे भिंत जाड आणि तोंडाकडे पातळ होत जाते. हा उतार एकसलग नसतो, मधे पायऱ्या असतात. लेथवर सळई धरून सरळ शंकू काढला तर ती तोफ दिसणार नाही, गाजर दिसेल. प्रत्येक पायरीवर पट्टी आहे आणि पट्टीच्या पुढे व्यास थोडा उतरतो, हे टूलने काढलंच पाहिजे.

ओतताना साचा उभा, तोंड वर आणि मागची बाजू खाली. वर मुद्दाम जादा लांबी ओतत. मळी, वायूचे बुडबुडे, भुसभुशीत धातू सगळं वर चढतं, गार झाल्यावर ते टोक कापून टाकायचं. मागच्या भागाला वरच्या धातूचं वजन मिळतं आणि तिथलं बीड घट्ट बसतं. आमच्याकडे रायझर देतात त्यामागे हेच तत्त्व आहे.

आधीच्या काळी नळी पोकळ ओतत, मधे गाभा घालून. गाभा जरासा सरकला की भोक तिरपं आणि एका बाजूची भिंत पातळ. १७७४ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन विल्किन्सनने भरीव ओतून मग भोक पाडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यात तोफ फिरायची आणि हत्यार स्थिर राहायचं, त्यामुळे भोक मध्यात राही. तोफ फुटण्याचा धोका यानेच बराच कमी झाला.

दर्यासारंग :

ओतारीदादा, हे फार उपयोगाचं लिहिलंत. तोफ फुटण्यावरून 'बॉनम रिचर्ड' हे अमेरिकन जहाज आठवलं. क्रांतियुद्धाचा विषय राहिला होता, तो इथेच घेतो.

१७७५-७६ मध्ये अमेरिकनांकडे नौदल नव्हतं आणि तोफाही नव्हत्या. मिळतील तिथून उचलल्या. मार्च १७७६ मध्ये ईसेक हॉपकिन्सने बहामातल्या नासाववर धाड घालून ८८ तोफा आणि १५ उखळी तोफा आणल्या. त्या अर्थातच इंग्लिश. डिसेंबर १७७५ मध्ये काँग्रेसने तेरा फ्रिगेटी मंजूर केल्या, त्यांतली 'रॅले' मे १७७६ मध्ये पाण्यात उतरली. तोफांअभावी ती बंदरातच अडकून पडली. शेवटी ऑगस्ट १७७७ मध्ये अपुऱ्या तोफांनिशी ती फ्रान्सकडे निघाली, ती लष्करी साहित्य आणायलाच. १७७६ ची 'रॅले' कुणी बत्तीसच्या बत्तीस तोफांनिशी सजवली असेल तर त्याने तारीख बघितलेली नाही.

म्हणून या काळच्या मॉडेलवर राजमुद्रेची तोफ शोभून दिसते. एकाच जहाजावर दोन-तीन वेगवेगळ्या नमुन्यांच्या तोफा असणंही शक्य आहे. मात्र ती तोफ तारखेला धरून हवी. १७७६ च्या जहाजावर ब्लोमफिल्ड नमुन्याची तोफ, म्हणजे गोंड्याच्या वर दोरासाठी कडं असलेली, बसवता येणार नाही. तो नमुना १७८० च्या दशकातला. त्याआधीच्या आर्मस्ट्राँग नमुन्यात कडं नाही, मागचा जाड दोर गोंड्यालाच घालत. बाजारात 'अठराव्या शतकातली तोफ' म्हणून मिळणाऱ्या नळ्यांत हे कडं सर्रास असतं. ते कानशीने काढलं तरी काम भागतं.

आता 'बॉनम रिचर्ड'. मूळचं 'द्यूक द द्युरास', पूर्वेकडच्या व्यापारासाठी बांधलेलं फ्रेंच जहाज. जॉन पॉल जोन्सला ते फ्रेंचांनी दिलं. मुख्य डेकवर १२ पौंडी २८ तोफा आणि त्याखाली मागच्या बाजूला १८ पौंडी सहा. २३ सप्टेंबर १७७९ ला फ्लॅम्बरो हेडजवळ 'सेरापिस'शी झुंज सुरू झाली आणि पहिल्याच फैरीत त्या १८ पौंडींपैकी दोन फुटल्या. आपलीच माणसं मेली, वरचा डेक उखडला. उरलेल्या १८ पौंडी तोफा त्या रात्री पुन्हा वापरल्या नाहीत.

इथे मॉडेलकारांसाठी एक बारकावा आहे. फ्रेंच पौंड इंग्लिश पौंडापेक्षा जड. इंग्लिश ४५३.६ ग्रॅम, फ्रेंच ४८९.५ ग्रॅम. म्हणजे फ्रेंच १२ पौंडीचा गोळा इंग्लिश वजनात जवळपास १३ पौंड भरतो आणि नळीही त्या मानाने मोठी. इंग्लिश १२ पौंडीचा तक्ता समोर ठेवून फ्रेंच तोफ करायला घेतलीत तर ती बारीक होईल.

सागरिका :

मी वेगळंच जहाज घेतलं आहे, 'फिलाडेल्फिया'. लहान आहे म्हणून घेतलं, पण तोफांच्या बाबतीत मला वाटतं माझ्यासारखी नशीबवान कुणी नाही.

१७७६ च्या उन्हाळ्यात लेक शांप्लेनच्या टोकाशी घाईघाईने बांधलेली सपाट तळाची तोफनौका. ११ ऑक्टोबर १७७६ ला व्हॅल्कूर बेटाजवळ बेनेडिक्ट आर्नल्डच्या ताफ्याची इंग्रजांशी लढाई झाली, तीत ती बुडाली. थंड गोड्या पाण्यात तशीच उभी राहिली आणि १९३५ मध्ये लॉरेन्झो हॅग्लंडने वर काढली, तोफांसकट. आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. नाळेवर १२ पौंडी एक, मधे दोन्ही बाजूंना ९ पौंडी एकेक, शिवाय कठड्यावर लहान फिरत्या तोफा, आपल्याकडच्या जंबुऱ्यांच्या जातीच्या. नाळेवरची तोफ स्वीडनमध्ये ओतलेली आहे. अमेरिकन नौका, इंग्रजांशी लढाई आणि तोफ स्वीडिश!

ती तोफ चाकांच्या गाड्यावर नाही, सरकत्या गाड्यावर आहे. मधल्या दोन्ही चाकांच्या गाड्यांवर. फोटो नीट बघितला नसता तर मी तिन्ही सारख्याच केल्या असत्या.

माझा प्रश्न असा की १:२४ मध्ये करते आहे, तेव्हा नळ्या पितळेच्या वळवून घेऊ की रेझिन प्रिंट करू?

दर्यासारंग :

सागरिकाताई, या नौकेच्या बाबतीत तोफेच्या तारखेचा प्रश्नच उरत नाही, लढाईच्या दिवशीच्याच तोफा जागेवर सापडल्या. अशी संधी फार कमी जहाजांना मिळते. लेक शांप्लेन मेरिटाइम म्युझियमने तिची पूर्ण मापातली प्रतिकृती बांधली आहे, 'फिलाडेल्फिया दोन'. तोफ चालवताना माणसं कुठे उभी राहत, दोर कुठून जात, हे तिच्या फोटोंत जिवंत दिसतं.

तीनच नळ्या आहेत, तर पितळेच्या वळवून घ्या. नळी गोल वस्तू आहे, लेथचं काम. प्रिंटच्या बारीक पायऱ्या १:२४ मध्ये घासून काढताना पट्ट्यांच्या कडा बोथट होतात. तीस-चाळीस सारख्या नळ्या हव्या असतील तेव्हा एक नळी वळवून तिचा साचा करावा, किंवा प्रिंट.

ओतारी_कोल्हापूर :

पितळ वळवलंत तरी वर चकाकी ठेवू नका. मूळ तोफ बिडाची. आधी प्रायमर, मग काळा रंग, पण पूर्ण चमक नसलेला. बिडाच्या पृष्ठभागाला बारीक रवाळपणा असतो. १:२४ ला तो हलका दाखवता येतो, १:९६ ला अजिबात दाखवू नये.

इतिहासवेडा :

धाग्यात थोडं आपल्या बाजूचं सांगतो, कारण या जहाजांची गाठ मुंबईशी खरोखर पडलेली आहे.

२९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर 'कॉन्स्टिट्यूशन'ने, तेव्हा कप्तान विल्यम बेनब्रिज, इंग्लंडची 'जावा' हरवली. 'जावा' हिंदुस्थानकडे निघाली होती. मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या ७४ तोफांच्या जहाजासाठी तांब्याचे पत्रे तिच्यात होते. प्रवाशांत होता जनरल थॉमस हिस्लॉप, मुंबईला नेमणुकीवर निघालेला. बेनब्रिजने त्याला शब्दावर सोडलं. हाच हिस्लॉप पुढे २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांचा सेनापती होता आणि १८१८ मध्ये खानदेशात थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी देणाराही हाच. मराठ्यांच्या इतिहासात ज्याचं नाव आपण वाचतो, तो पाच वर्षं आधी 'कॉन्स्टिट्यूशन'च्या २४ पौंडींच्या माऱ्याखाली उभा होता.

'जावा'वर मुख्य डेकला १८ पौंडी २८ होत्या. दर्यासारंग, तिचं मॉडेल कुणी केलं तर नळ्या इंग्लिश घ्याव्यात की फ्रेंच? मुळात ती फ्रेंच 'रेनोमे', १८११ मध्ये मादागास्करजवळ पकडलेली.

दर्यासारंग :

काय माहिती दिलीत! महिदपूरचा हिस्लॉप तो हाच, हे मी कधी जोडून बघितलं नव्हतं.

इंग्लिश घ्या. पकडलेलं जहाज नौदलात दाखल करताना इंग्रज ते आपल्या पद्धतीने सजवत, कारण गोळे आपल्या मापाचे हवेत. १८१२ म्हणजे ब्लोमफिल्ड नमुना, गोंड्यावर कडं आणि त्यातून दोर. राजमुद्राही चालेल, इथे ती योग्यच आहे. नळीवरचं वजन कोरायचं असेल तर तीन आकड्यांत येतं, उदाहरणार्थ ४९-२-१४. पहिला आकडा हंड्रेडवेट, प्रत्येकी ११२ पौंड. दुसरा पाव हंड्रेडवेट, २८ पौंडाचा. तिसरा सुटे पौंड. म्हणजे ५५५८ पौंड, अडीच टन. हे २४ पौंडीचं उदाहरण झालं, १८ पौंडीचं यापेक्षा कमी येईल.

अलिबागकर :

जहाजांतलं फारसं कळत नाही, पण धागा वाचून संध्याकाळी ओहोटीला कुलाबा किल्ल्यात जाऊन आलो. तिथे गाड्यांवरच्या ज्या दोन इंग्लिश तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव वाचता येतं. ट्रनियन हात लावून पाहिले. इतकी वर्षं त्या तोफांजवळून गेलो, ते खुंट असे बघितलेच नव्हते.

दर्यासारंग :

अलिबागकर, मन भरून आलं. त्या तोफा आपल्या विषयापेक्षा पुष्कळ नंतरच्या, तेव्हा त्यांची मापं १८१२ च्या मॉडेलला लावू नका. पण पट्ट्या, पायऱ्या, गोंडा, बत्तीचा कान (दारू पेटवायचं भोक) या गोष्टी हाताने चाचपून बघण्यासारखं शिक्षण नाही. मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाने जवळच्या किल्ल्यात एकदा टेप घेऊन जावंच.

बोस्टनकर :

मी इथे चार्ल्सटाउनच्या जवळच राहतो, 'कॉन्स्टिट्यूशन'वर बऱ्याचदा जाणं होतं. एक सावधगिरीची सूचना. जहाजावर आज दिसणाऱ्या तोफा मूळच्या नाहीत. बहुतेक १९३० च्या सुमारास, मोठ्या डागडुजीच्या वेळी ओतलेल्या प्रतिकृती आहेत आणि दोन कॅरोनेड तर १९८३ च्या. पुढच्या दोन लांब तोफांच्या पोटात सलामीसाठी आधुनिक ४० मिलिमीटरच्या तोफा दडवलेल्या आहेत. लोक डेकवर फोटो काढतात आणि घरी येऊन त्यावरून १८१२ च्या तोफा बनवतात. फोटो डेक, तोफांच्या खिडक्या, दोर, गाड्यांची गर्दी समजून घ्यायला घ्या. नळीसाठी घेऊ नका.

१८१२ साठी खरा साक्षीदार सेलमला आहे. पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये 'कॉन्स्टिट्यूशन'चं त्या काळातलंच मॉडेल आहे. हलने ते सेलमच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीला दिलं होतं. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून गेलेल्या कप्तानांची ही संस्था. या गावची जहाजं मुंबई-कलकत्त्याला व्यापाराला जात. जहाज जसं होतं तसं पाहिलेल्या माणसांच्या काळात केलेलं मॉडेल, हे कुठल्याही नंतरच्या नकाशापेक्षा मोलाचं. तासभर त्याच्यासमोरून हललो नाही.

नवशिका_सुतार :

मग नकाशे कुठले विश्वासाचे?

दर्यासारंग :

अमेरिकन जहाजांचे उत्तम नकाशे पुष्कळदा इंग्लंडमध्ये सापडतात. कारण सरळ आहे. जहाज पकडलं की इंग्लिश गोदीत त्याची मापं घेऊन रेखाटन करत. 'हॅनकॉक', 'रॅले', 'कॉन्फेडरसी', पुढे 'प्रेसिडेंट', यांचे आराखडे ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहेत. त्यात खिडक्यांची संख्या, रुंदी, डेकपासूनची उंची मिळते आणि खिडकीच्या मापावरून तिथे किती पौंडी तोफ मावेल याचा पडताळा घेता येतो. पण नकाशात तोफ नसते. तिच्यासाठी यादी लागते, आणि यादीवर तारीख असते. दोन याद्यांत फरक आढळला तर लगेच एकीला चूक ठरवू नका, दोन्हींच्या तारखा बघा. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर निघतात.

सागरिका :

'एसेक्स'बद्दल लिहा ना. तिच्यावर सगळ्या कॅरोनेडच होत्या असं वाचलं आहे. फ्रिगेटीवर असं कसं?

दर्यासारंग :

१७९९ मध्ये सेलमला बांधली तेव्हा तिच्यावर लांब तोफा होत्या, मुख्य डेकवर १२ पौंडी. पुढे तिला ३२ पौंडी ४० कॅरोनेड आणि १२ पौंडी फक्त सहा लांब तोफा असा साज चढवला. कप्तान डेव्हिड पोर्टरने त्याविरुद्ध नौदल खात्याकडे तक्रार केली होती. जवळ गेलं तर कॅरोनेडचा मारा भयंकर, पण लांबून तिचा काही उपयोग नाही. मग २८ मार्च १८१४, वालपाराइसो. 'एसेक्स'ची डोलकाठी वादळी झोताने आधीच मोडली होती. इंग्रज फ्रिगेट 'फीबी' लांब १८ पौंडी तोफांच्या पल्ल्यावर उभी राहिली आणि तिथूनच मारत राहिली. पोर्टरला जवळ जाताच आलं नाही. तिच्या सहा लांब तोफांनी काय ते उत्तर दिलं.

म्हणून 'एसेक्स'च्या मुख्य डेकवर लांब १२ पौंडींची रांग लावून खाली '१८१४' लिहिलेलं मॉडेल बघितलं की मला फार वाईट वाटतं. त्या डेकवर लांब तोफांची रांग नव्हती म्हणून तर ती माणसं मेली.

बोस्टनकर :

+१. आणि तोफांना नावंही असत. १ जून १८१३ ला बोस्टनच्या बाहेर इंग्रज 'शॅनन'ने अमेरिकन 'चेसापीक' पकडली, तेव्हा तिच्या तोफांची नावं इंग्रजांनी नोंदवून ठेवली. 'रेजिंग ईगल', 'जंपिंग बिली', 'ट्रू ब्लू', 'मॅड अँथनी', 'विलफुल मर्डर'. लहान तांब्याच्या पट्टीवर कोरून लावलेली. १:४८ ला ही पट्टी दाखवता येईल.

नवशिका_सुतार :

शेवटचा प्रश्न. 'कॉन्स्टिट्यूशन' झाल्यावर लहान जहाज करावं म्हणतो, 'हॉर्नेट' मनात आहे. तिच्या तोफा?

दर्यासारंग :

३२ पौंडी १८ कॅरोनेड आणि १२ पौंडी दोन लांब तोफा, ही १८१२ ते १८१५ ची स्थिती. मार्च १८१५ मध्ये ट्रिस्टन दा कुन्याजवळ तिने इंग्रजांची 'पेंग्विन' घेतली, तिथवर हा साज धरा. सरकपाटं लाकडाची करा, चाकांचा गाडा फक्त त्या दोन लांब तोफांना.

एप्रिलअखेरचं मात्र करू नका, किंवा करायचंच तर विचारपूर्वक करा. त्या वेळी तिच्यामागे इंग्रजांची ७४ तोफांची 'कॉर्नवॉलिस' लागली. जमशेटजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागाची बांधलेली, १८१३ ला पाण्यात उतरलेली. तिच्यापासून सुटायला जेम्स बिडलने नांगर, होड्या आणि जवळजवळ सगळ्या तोफा समुद्रात टाकल्या. त्या तारखेच्या 'हॉर्नेट'ला तुम्हाला खिडक्या रिकाम्याच ठेवाव्या लागतील. कठड्यातल्या दोर बांधायच्या कड्या मात्र सगळ्या लावा, त्या जागेवरच होत्या.

इतिहासवेडा :

'कॉर्नवॉलिस' मी करतो. सागाची फळी घरात आहे.